नागूनं टांगलेला चंद्र

कुंभारवाड्यात एसएसएलसी, म्हणजे दहावी, पास झालेली सून एकच, ती म्हणजे सुमन. आणि ही गोष्ट ती कुणाला विसरू देत नसे. म्हणून अंगणवाडीच्या बाईंची जागा निघाली, तेव्हा ती आपलीच, असं तिनं अर्ज लिहायच्या आधीच ठरवून टाकलं.

मुलाखतीच्या आठवडाभर आधी रामनगरहून आणलेला गूळ वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधून आला. माणूस चंद्रावर उतरला त्याला वीस वर्षं झाली, असं त्यात छापलं होतं, वर झेंड्याशेजारी उभ्या माणसाचा फोटो. सुमननं तो चुलीपाशी मोठ्यानं वाचून दाखवला. तिचा नवरा नागू भाकरी मोडत म्हणाला, "शूटिंग हाय ते."

नागूच्या बोलण्याला आधार होता. कुळगीच्या रानात सिनेमावाले आले होते, तेव्हा त्यानं चार दिवस मजुरी केली होती. गोणपाटावर चुना थापून केलेले धोंडे त्यानं दोन-दोन काखेत मारून नेले होते आणि बांबूला दिवा बांधून चंद्रही त्यानंच टांगला होता.

"तितं वारा न्हाई म्हणतोय तुझा पेपर. मग झेंडा कसा फुलला? आन् आभाळात एक तरी चांदणी दाव."

सुमननं फोटो उजेडाला धरला. चांदणी नव्हती.

"शिकल्याली माणसं लगीच फसत्यात बग," सासू म्हणाली.

दोन दिवस सुमन धुसफुसली. तिसऱ्या दिवशी ओढ्यावर धुणं बडवताना बायकांना तिनंच सांगितलं, ते शूटिंग होतं म्हणून. खरं तर तिला काही पटलंबिटलं नव्हतं. फसलेली म्हणवून घेण्यापेक्षा फसवणूक ओळखणारी झालेलं बरं वाटलं, एवढंच. शिवाय त्याला अभ्यास करावा लागत नाही.

जोयड्याच्या कचेरीत दहा महिन्यांच्या लेकीला, बाळीला, मांडीवर घेऊन ती मुलाखतीला बसली. मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी कानडीत विचारलं, "मुलांना चांदोबाबद्दल काय सांगाल?"

"माणूस तिथं गेला म्हणतात, पण ते शूटिंग आहे," सुमननं कानडीतच ठोकून दिलं.

मॅडमचं पेन थांबलं. "कोण म्हणतं?"

"आमचे हे. धोंडे त्यांनीच वाहिलेत."

"चंद्रावरचे?"

"कुळगीतले."

शेजारच्या कारकुनानं मात्र खुर्ची पुढं ओढली. "मलाही शंका होतीच मॅडम. फोटोत चांदण्या कुठं आहेत?"

आपलंच बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि सुमनला ते अगदीच येडपट वाटलं. लग्नाच्या मांडवात पेट्रोमॅक्सखाली उभं राहून वर बघितलं तर आभाळ नुसतं काळं. चार पावलं अंधारात सरकलं की चांदण्याच चांदण्या. जन्मभर बघत आली होती ती हे. फोटोत तर लख्ख ऊन होतं, सावल्या पडल्या होत्या.

आता हे बोललं तर मघाचं आपलंच बोलणं खोटं ठरून जागा जाणार, हे तिला कळत होतं. बाळी मंगळसूत्र ओढत होती. तिनं ते सोडवून घेतलं आणि पेट्रोमॅक्सचं सगळं सांगून टाकलं.

"आणि झेंडा?" कारकून म्हणाला.

"ते मला ठाऊक नाही."

"मग मघाशी शूटिंग का म्हणालात?" मॅडमनी विचारलं.

"घरात मी एकटीच येडी ठरत होते, म्हणून."

मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहिलं.

"सोमवारपासून या," त्या म्हणाल्या. "आणि झेंड्याचं कळलं की मलाही सांगा."