चिमांगोचे ठोके

बावन्न.

"पुन्हा मोजा," निबिया म्हणाली. "नुसता उभा असला की छत्तीस असतात याचे, डॉक्टरीणबाई."

सुल्माने चिमांगो घोड्याच्या कोपरामागचा स्टेथोस्कोप काढला. "बावन्नच. गर्दीला बिचकला असेल. नियमात बसतो, धावू दे."

नव्वद किलोमीटरची शर्यत. सुटायला पंधरा मिनिटं. निबियाची लेक यानिना खोगिराचा पट्टा आवळत होती. तिचा धर्मपिता विल्मार कुंपणाला टेकून शेजारच्या गावाला चिडवत होता. पशुखाद्याच्या गिरणीत मिश्रणयंत्रावर त्याची सव्वीस वर्षं गेली होती.

"काका, तुझं खाद्य आवडलं नाही याला," यानिना हसली. "तीन दिवस बादली अर्धी टाकतोय. लाडावलाय मेला."

विल्मारचं हसू तिथंच थांबलं.

गुरुवार.

यंत्रातून गुरांचं खाद्य निघालं होतं, मोनेन्सिन हे गुरांचं औषध घातलेलं. त्यानंतर कोरा मका फिरवून यंत्र साफ करायचं, मगच घोड्यांचं खाद्य. पण निबिया येर्बाच्या कडू चहाचा तुंबा घेऊन गिरणीच्या दारात उभी. "आटप रे, माझा राजा उपाशी आहे!" घोड्यांचं पहिलं पोतं चिमांगोचं, हा विल्मारनेच पाडलेला रिवाज. चिमांगोपुरतं एक पोतं त्याने मका फिरवायच्या आधीच घोळून दिलं.

लाडानं.

छप्पन्न. सुल्माने पुन्हा स्टेथोस्कोप लावला होता.

सुटायला पाच मिनिटं. बोललो तर नोकरी गेली, गावाची शर्यत गेली. नाही बोललो तर कदाचित काहीच होणार नाही. अर्धीच तर खाल्लीय.

यानिनाने रिकिबीत पाय घातला.

"उतर."

"काय झालं, काका?"

"उतर म्हणतो ना! डॉक्टरीणबाई, त्याच्या पोत्यात मोनेन्सिन गेलंय. माझ्या हातून."

"आणखी कुणाला दिलंस?" सुल्माने विचारलं.

"नाही. हे एकच. मका नंतर फिरवला."

"अहो, गाई रोज खातात ते!" निबिया ओरडली.

"गाय पचवते," सुल्मा म्हणाली. "पेशीभोवती चरबीचा पातळ पडदा असतो, निबिया. मीठ एरवी त्यातून मोजूनमापून आत जातं. हे औषध मिठाचा कण पोटाशी धरतं, पडद्यातून पलीकडे सोडतं, पुन्हा दुसरा आणायला येतं. पेशी फुगते, मरते. घोड्याचं काळीज तर त्यापुढे टिकतच नाही. दौडताना कोसळला असता. पोरीसकट."

"आता?"

"रक्त मोंतेविदेओच्या प्रयोगशाळेत पाठवते. जगेल कदाचित. धावणार नाही."

झेंडा पडला. बाकीचे घोडे धूळ उडवत गेले. यानिनाने खोगीर उतरवलं, कुणाकडे न बघता.

चौसष्ट.

"दर दहा मिनिटांनी कुणीतरी मोजायला हवं," सुल्मा म्हणाली. कुणीच हललं नाही, तेव्हा विल्मार पुढे झाला.

निबियाने तुंब्यात गरम पाणी ओतलं. आधी सुल्माला दिला. मग यानिनाला. मग विल्मारची पाळी. तिने तुंबा भरला, क्षणभर हातात धरला आणि स्वतःच प्यायली.

विल्मारने घोड्याच्या जबड्याखाली बोटं ठेवली आणि एकपासून मोजायला लागला.