नळीतला उरलेला गाळ

नऊ वर्षांपूर्वीच्या एका पत्राला सरांनी उत्तर दिलं नव्हतं. त्यांच्या विद्यार्थिनीनं लिहिलं होतं, "सर, मी नमुने आम्लानं धुतले होते. समुद्रतळातून काढलेल्या त्या नळीतला अर्धा गाळ अजून शीतगृहात आहे. एकदा मोजून बघा, एवढंच."

समुद्रात जे मरतं, त्यातलं बहुतेक तळाशी पोचेपर्यंतच फस्त होतं. तळाच्या पाण्यात प्राणवायू असला की उरलंसुरलंही जातं, सेंद्रिय कार्बन गाळात टिकत नाही, असं सरांचं पुस्तक सांगत होतं. पोरीचा आकडा मात्र तिप्पट निघाला. बारीक चिकणमाती कार्बनाला असा कवटाळते की प्राणवायूचंही काही चालत नाही, असं तिचं म्हणणं. त्या आकड्यावरून नेमलेल्या चौकशी समितीपुढे सर मान खाली घालून पुटपुटले, "धुवायचं राहिलं असेल. शिंपल्यांचा चुराच मोजला गेला असेल." शिंपल्यातला कार्बन आम्लानं काढला नाही तर आकडा फुगतो, हे समितीला पटलं. तिची पीएचडी गेली. आता ती कुठल्याशा कारखान्यात बाटल्यांवर लेबलं चिकटवते म्हणे.

पत्र आलं त्याच आठवड्यात सरांनी स्वतः गाळ धुऊन मोजला. आकडा तिचाच आला. आपलाच हात चुकला असेल म्हणून तीनदा मोजला. मग कागद फाडून टाकला.

आज सकाळी शीतगृह सांभाळणाऱ्याचा फोन आला.

"सर, जागा रिकामी करायचीय. तुमच्या नावाची एक नळी आहे. ठेवू की फेकू?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय कळतंय त्यातलं? चिखलच तो. पण मॅडम दरवर्षी फोन करून विचारतात, आहे ना म्हणून. मी म्हणतो, आहे, सर बघतील की."



"फेका."

"मॅडमना काय सांगू?"

"मी लिहितो त्यांना."

त्यांना टेबलाशी वाकलेलं बघून बायकोनं विचारलं, "अहो, कुणाला एवढं जपून लिहिताय?"

"एका विद्यार्थिनीला. फार दिवस राहिलं होतं."

"बरं केलंत. असलं मनाला लागून राहतं."

तीन मसुदे झाले. शेवटी उरलं ते असं: "अनेक आशीर्वाद. तुझी मागणी रास्त होती. मोजून बघायची माझीही फार इच्छा होती, पण दुर्दैवाने ती नळी आता शीतगृहात राहिलेली नाही. प्रकृतीला जप." त्यातला 'फार' जास्त वाटला, तो खोडला.

टपालपेटीजवळ उभं राहून त्यांनी फोन लावला.

"फेकलीत?"

"मोरीत धुऊन टाकली, सर. नळी अगदी नव्यासारखी निघाली."

सरांनी पाकीट पेटीत टाकलं.