बिननावाचा पाय

पायवाल्यांना स्वतःच्या कामाचा भारी गर्व होता, आणि ते तो लपवतही नसत. लपवायचा कशाला? गल्लीच्या तोंडाशी माणूस दिसला की दुकानाच्या पायरीवरूनच ते सांगायचे, "हा आपला!" म्हणजे माणूस नव्हे, पाय. कृत्रिम पाय करणारे शहरात आणखीही होते. पण त्यांचे पाय टकटक वाजत चालायचे आणि पायवाल्यांचे नुसते चालायचे. असं त्यांचंच म्हणणं होतं, पण खोटं नव्हतं.

त्यांच्या कामाला एक खूण होती आणि ती कुणालाच दिसायची नाही. गुडघ्याखाली उरलेला पाय ज्यात बसतो त्या भागाला ते वाटी म्हणत. गिऱ्हाइकाच्या पायाचा प्लास्टरचा साचा करायचा, त्यावर सुती मोजा चढवायचा, वर रेझिन ओतायचं, मग दुसरा मोजा, पुन्हा रेझिन. पहिला मोजा चढला की पायवाले पेन्सिल घेऊन त्यावर देवाचं नाव लिहीत. वरचे थर बसले की नाव कायमचं गडप. त्यांचे वडील लिहायचे, म्हणून तेही लिहायचे. "एकदा नाव लिहिलं ना, की रेझिनमध्ये हवेचा बुडबुडा तसाच सोडायची छातीच होत नाही," असं ते म्हणत.

आता हात थरथरायला लागले होते. पेन्सिल धरली तर नाव कसंबसं उमटे, कानस धरली तर मात्र काम बिघडे. त्यामुळे सगळी भिस्त लेकीवर. तिला अख्खी गल्ली बबडी म्हणायची. तिशी उलटली तरी बबडीच! तोंडाची फटकळ, पण हात असा की वाटीच्या कडेवरून बोट फिरवून कुठे टोचेल ते सांगायची. बापाला तिचं काय कौतुक! पण तोंडावर कधी बोलून दाखवलं असेल तर शपथ.

अडचण एकच. बबडी देव मानत नव्हती. त्यात राग नव्हता की कुठलं दुःख नव्हतं. "बाबा, मला नाही वाटत तसं कुणी आहे," एवढंच म्हणायची, तेही भाजीत मीठ कमी पडलंय म्हणावं तसं. पायवाल्यांच्या जिवाला मात्र घोर लागला होता. ज्याला वरच्याचा धाक नाही, तो बंद वाटीच्या आत काय करून ठेवील याचा भरवसा काय? रोज जेवताना हा विषय निघायचाच. त्या दिवशीही निघाला.

"समज, बुडबुडा राहिला. पाय काही फुटला नाही. गिऱ्हाइकाला कळलं नाही, कुणालाच कळलं नाही. मग चूक कशी?"

"चूकच."

"कुणी ठरवलं?"

"ठरवायचंय काय त्यात? चूक आहे ती आहे. बरं, उद्या तुमच्या देवाने सांगितलं, राहू देत बुडबुडे, तर राहू द्याल?"

"तो असलं सांगणारच नाही!"

"का नाही सांगणार?"

"का म्हणजे? कारण ते चूक..." पायवाले मध्येच थांबले. घास हातातच राहिला. पोरीने कुठे आणून उभं केलं हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते म्हणाले, "गप जेव."

पण दोन घास झाले न झाले तोच त्यांनी मनातलं बोलून टाकलं. "सुईणबाईंचा नवा पाय तू एकटीने करायचा. साच्यापासून पट्ट्यापर्यंत. मी ढुंकूनही बघणार नाही. त्या हो म्हणाल्या तर दुकान तुझं. नाही म्हणाल्या तर मी पुतण्याला बोलावून घेतो." बबडीने मान डोलावली, पण तिला पुढे जेवण गेलं नाही. पुतण्याचं काम तिने पाहिलेलं होतं. आणि हे दुकान सोडून दुसरं काही करावं असं तिच्या कधी स्वप्नातही आलं नव्हतं.

सुईणबाई म्हणजे अर्ध्या शहराला जगात आणलेली बाई. साखरेच्या आजाराने पाय गेला, तरी प्रसूतीच्या वॉर्डातलं राज्य काही सोडलं नाही. देवाधर्माच्या पक्क्या. पाय तयार झाल्यावर त्या सकाळीच आल्या, कुबडी भिंतीला टेकवली, खुर्चीत बसल्या आणि वाटीत हात घालून आतून चाचपू लागल्या.

"झकास झालीये गं. नाव लिहिलंयस ना? मला उभं राहायचं बळ त्याच्यातनंच येतं बाई."

बाई हे विचारतील असं पायवाल्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. हो म्हण, त्यांनी मनातल्या मनात लेकीला विनवलं. थराखाली कोण बघायला जातंय? हो म्हण आणि मोकळी हो.

"नाही मावशी," बबडी म्हणाली. "मी मानत नाही, म्हणून लिहिलं नाही. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं, ते चुकलंच माझं. हवं तर वाटी पुन्हा करते, बाबा नाव लिहितील. बाकी कामात मात्र कणभर कसूर केलेली नाही."

सुईणबाईंचा चेहरा उतरला. "पुन्हा केलीस तरी हात तुझेच ना? ज्या हातांना देव ठाऊक नाही, त्यांच्यावर मी माझा भार टाकू? नको गं बाई." त्यांनी पाय बाजूला ठेवला आणि कुबडीकडे हात नेला.

झालं! पायवाल्यांना दिसलं, दुकान पोरीच्या हातून चाललं. सगळा जन्म जिने या प्लास्टरच्या धुळीत काढला, तिच्या हातून. आणि विचार करायच्या आतच त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अहो, लिहिलंय! मी लिहिलंय ना. ही जेवायला गेली होती तेव्हा गुपचूप येऊन लिहिलं मी. देवाशपथ."

"मग असं सांगा की!" सुईणबाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी हसत हसत पाय पुढे ओढला आणि पट्टा सैल करू लागल्या.

बबडीने बापाकडे पाहिलं. बाप असलं काही करणाऱ्यातला नाही हे तिला पुरतं ठाऊक होतं. आता तिने काहीच करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. सुईणबाई खूश, बाप खूश, दुकान तिचं. शपथही तिने घेतलेली नव्हती.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "मावशी याच्यावर उभ्या राहणार आहेत. त्यांना खरं सांगा."

पायवाल्यांना कुणी थोबाडीत द्यावी तसं झालं. ज्याच्या नावाने सगळं आयुष्य बुडबुडे शोधले, त्याचीच खोटी शपथ! आणि ती लक्षात आणून दिली कुणी, तर त्याला न मानणाऱ्या पोरीने. कान तापले. पण शरमेच्या मागोमाग आणखी काहीतरी वर येत होतं, आणि ते शरमेहून मोठं होतं. ते सुईणबाईंसमोरच्या स्टुलावर बसले.

"मी खोटं बोललो, बाई. नाव नाही त्यात. पोरीसाठी जीभ घसरली माझी."

सुईणबाई आधी त्यांच्याकडे बघत राहिल्या, मग बबडीकडे वळल्या. "काय गं, तुला वरच्याची भीती नाही म्हणतेस. मला तर जन्मात कळलं नसतं. मग गप्प का नाही बसलीस?"

"तुम्हाला कळलं नसतं म्हणून ते खरं झालं असतं का, मावशी?"

सुईणबाईंना एकदम हसू फुटलं. "पायवाले, ऐकलंत? देवच बोलतोय हिच्या तोंडून आणि हिला पत्ता नाही!"

"मीच बोलतेय मावशी," बबडी फणकारली.

"बरं बाई, तूच. भांडू नकोस. चल, पट्टा आवळ."

"नाव नाहीये हं त्यात."

"नाव माझ्या तोंडात आहे, मी घेईन. मला जे हवं होतं ते आत्ता बघितलं मी." आणि तोंडाने पुटपुटत त्या उठल्या. कुबडी भिंतीलाच राहिली. दारापर्यंत गेल्या, वळल्या, परत आल्या. पाय कुठे वाजला नाही.

पायवाले बघत होते, पण पायाकडे नव्हे. गुडघे जमिनीला टेकून, मान वाकडी करून टाचेवर डोळा ठेवलेल्या लेकीकडे बघत होते. ही माझी. हिला हे कुठून आलं ते त्यांना अजूनही नीट सांगता आलं नसतं. वरून आलं असं त्यांचं मत होतं आणि ते बदलणार नव्हतं. ती त्यावर उद्याच्या जेवणात भांडणार हेही नक्की होतं. भांडू दे! त्यांचा ऊर असा भरून आला की डोळे पुसायला प्लास्टरचाच फडका हाती आला आणि तोंड पांढरंफटक झालं.

"टाच किंचित उंच वाटतेय," सुईणबाई सवयीने त्यांच्याकडे वळल्या. "पुन्हा दाखवायला कधी येऊ हो?"

पायवाल्यांनी सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

"मला काय विचारता?" ते म्हणाले. "मालकिणीला विचारा."