राख की जगह

धारच्या दरबारी दफ्तरात पस्तीस वर्षं मोडी लिहिलेल्या श्रीपादरावांचं एक ठाम मत होतं: हिंदी म्हणजे शेवटी 'है' लावलेली मराठी. एकदा मत झालं की ते बदलायची त्यांच्या घराण्यात रीत नव्हती. संस्थान मध्यभारतात विलीन झालं आणि जुनी मोडी दफ्तरं हिंदीत उतरवायला माणूस मिळेना, तेव्हा याच मताच्या जोरावर ते पेन्शनीत असूनही कामाला बसले आणि चार महिन्यांत सगळं उतरवून मोकळे झाले.

पुढची पाच वर्षं नव्या राज्याला नावं ठेवण्यात झकास गेली. येईल त्याला ते जुनं सांगत, आणि सांगता सांगता गाडी हटकून गावाबाहेरच्या दलदलीवर येई. तळ्याच्या वरच्या अंगाला ती पसरली होती. ओढ्याचं गढूळ पाणी तिच्या लव्हाळ्यांतून गाळून निघे आणि नितळ होऊन तळ्यात उतरे. गाव तेच पाणी पिई. म्हणून दरबारचा हुकूम होता की तिथे गुरं धुवायची नाहीत, घाण टाकायची नाही. हा हुकूम श्रीपादरावांचे वरिष्ठ दत्ताजी यांनी भांडून मिळवला होता. थंडीत सारसांची जोडी उतरली की दत्ताजी अर्ध्या दफ्तराला घेऊन ती बघायला जात आणि हजेरीत लिहीत, 'सरकारी पाहणी'. यमुनाबाई होत्या तोवर नवरात्रातली कमळं श्रीपादराव स्वतः आणत. धोतर गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात उभं राहायचं आणि काठावरून बायकोनं म्हणायचं, ते नको, त्याच्या पलीकडचं. बाई गेल्या, गुडघे धरले, आणि तिकडे जाणं सुटलं ते सुटलंच.

चौपन्न सालच्या कार्तिकात गेंदाबाई दारात आली. दलदलीतल्या डबक्यांत शिंगाडे लावणारी ही बाई त्यांच्या ओळखीची. तिनं टोपली पुढे केली. शिंगाडे देठाशी सडून काळे पडले होते. दोन वर्षं झाली, नव्या कारखान्याच्या भट्टीची राख गाड्या भरभरून तिथेच ओततात, तिनं सांगितलं. लव्हाळी करपली, पाणी काळं झालं, नळ न पोचल्यानं अजून तळ्याचंच पाणी पिणाऱ्या तिच्या वस्तीत पोटं बिघडलीत.

"थें बड़ा दफ्तर का आदमी हो, दादासाब," ती तिच्या माळवीत म्हणाली.

श्रीपादरावांनी पगडी चढवली आणि तडक नगरपालिका गाठली. कुठल्या गाढवानं परवानगी दिली, असं त्यांनी सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असं विचारलं. तिथला कारकून शरच्चंद्र घरात मराठी बोलणारा, पण हिंदी शाळेत शिकलेला. मोडी म्हणजे त्याला मुंग्यांची रांग. त्यानं मुकाट्यानं दफ्तर उघडून समोर ठेवलं. 'दलदल, तालाब के ऊपर: राख की जगह.' कारखान्याला राख टाकायला जागा हवी होती, दफ्तरात जागा लिहिलेली होती.

अक्षर वळणदार होतं आणि श्रीपादरावांचंच होतं. मोडीत होतं, 'राखीव जागा'. त्यांनी तिला हिंदी शेपूट लावलं होतं.

शरच्चंद्रानं त्यांचा चेहरा पाहिला. भला माणूस, हळूच म्हणाला, "काका, खाली 'तपासले' म्हणून दत्ताजींची सही आहे. ते आता नाहीत. आणि मोडी वाचणारं गावात तुमच्याशिवाय कुणी नाही."

दत्ताजींच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू होता. श्रीपादरावांनी बोट ठेवलं तिथे त्यांनी सही केली होती, न वाचता, विश्वासानं. त्या दिवशी श्रीपादराव घरी येऊन जेवले नाहीत. पस्तीस वर्षांत त्यांच्या कागदावर कुणी काट मारली नव्हती. गावात त्यांचं म्हणून जे काही होतं ते एवढंच होतं. गप्प बसलं की ते शाबूत राहणार होतं.

शनिवारी नगरपालिकेची सभा भरली. श्रीपादराव उभे राहिले.

"गलती दत्ताजी की नहीं, मेरी है," ते म्हणाले. "मराठी में राखणे याने सँभालना. मैंने उसकी राख कर दी."

काही जण हसले. त्यांनी हसू दिलं. परवानगी रद्द झाली. जुनी ओळ त्यांनी स्वतःच्या हातानं खोडली आणि शरच्चंद्राला विचारून वर लिहिलं, 'सुरक्षित'.

सोमवारी ते काठी टेकत दलदलीवर गेले. गेंदाबाईला सगळं सांगितलं, सभेपेक्षा हे जड गेलं. यमुनाबाई जिथे उभ्या राहत तिथे राखेचा ढीग होता. तेवढ्यात आणखी एक गाडी आली आणि त्याच ढिगावर रिकामी झाली. हुकूम निघाला आहे, कागद झाला आहे, श्रीपादराव पुटपुटले.

"बैल के कागद नी दीखे, दादासाब," गेंदाबाई म्हणाली. "थें दीखो."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली गाडी आली तेव्हा वाटेच्या मधोमध पगडी घातलेला म्हातारा उभा होता. गाडीवान बराच वेळ बडबडला आणि शेवटी त्यानं बैल वळवले. पाणी निवळायला वर्षं लागणार होती, तेवढी आपल्याकडे नाहीत हे श्रीपादरावांना ठाऊक होतं. तरी ते रोज जात राहिले. घरी कुणी गप्पांना आलं की सून सांगे, मामंजी कामावर गेलेत.