चोपडेकरबाईंची तबकडी

भगवान देवरे यांना सुरतेच्या कडेच्या भेस्तानात गाण्याचे जाणकार म्हणून ओळखत. गाता त्यांना येत नव्हतं, वाजवता येत नव्हतं. त्यांच्याकडे ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या होत्या. मिलच्या मॅनेजरपदावरून निवृत्त झाल्यावर त्यांनी फ्लॅटमधली मोठी खोली तबकड्यांना दिली, तिला एसी लावला आणि बायकोचं शिवणयंत्र गॅलरीत काढलं. जुन्या ध्वनिमुद्रणांचे नव्याने निघालेले संचही ते घेत, पण त्यातल्या चुका काढण्यासाठी. "आवाज धुऊन काढलाय नुसता," असं म्हणून संच कपाटात टाकत.

त्यांच्याकडे चंपाबाई चोपडेकर या गायिकेची एकुलती एक तबकडी होती. एका बाजूला भीमपलास, दुसऱ्या बाजूला ठुमरी. ती दुसऱ्या कुणाकडेच नाही, हे ते भेटेल त्याला सांगत.

ही गोष्ट फिरत फिरत शेजारच्या उधन्यात उषाबाईंच्या कानावर गेली. चंपाबाई त्यांची आई. लग्नानंतर तिचं गाणं सुटलं, आणि उषाबाई चार वर्षांच्या असताना ती गेली. तिचा चेहरा फोटोत होता. आवाज कुठेच नव्हता.

एका रविवारी उषाबाई लेकीला, मयुरीला, घेऊन भेस्तानला गेल्या. मयुरी पर्वत पाटियाच्या एका साड्यांच्या दुकानात कामाला होती. भगवानरावांनी दोघींना दारातच हात धुवायला लावले. मग कपाटातून तबकडी काढली, दोन बोटांत धरून दाखवली आणि परत पाकिटात सरकवली.

"लावा ना दादा," उषाबाई म्हणाल्या.

"लावायची नसते, बाई. जपायची असते. सुई फिरली की आवाज झिजतो."

"एकदाच."

"तुम्हाला रागदारी कळते?"

"नाही कळत. मनी माय शे ती."

भगवानरावांनी अहिराणी ऐकून भुवया उंचावल्या. मयुरीने मोबाईल काढला. "काका, एकदा लावलीत तर मी रेकॉर्ड करून घेते. परत त्रास देणार नाही."

"मोबाईलवर?" ते हसले. "त्या डबड्यावर तुम्ही लग्नातला डीजे ऐका. हे ऐकायला कान तयार लागतात."

नंतर ते बराच वेळ भीमपलासातल्या निषाद स्वराबद्दल बोलले. उषाबाई पदराला हात पुसत ऐकत राहिल्या. हात केव्हाच कोरडे झाले होते. परतताना रिक्षात त्या एवढंच म्हणाल्या, "माणूस शिकलेला दिसतो." मयुरीला त्या माणसाच्या स्वच्छ नखांची किळस आली होती.

पुढच्या वर्षी पुण्यातल्या एका संस्थेला सोलापूरच्या एका घरात तीच तबकडी सापडली. संस्थेने ती साफ केली, जुन्या गायिकांच्या संचात घेतली आणि इंटरनेटवरही टाकली. दुकानातल्या मैत्रिणीने मयुरीला दुवा पाठवला. घरी येऊन तिने मोबाईल पाण्याच्या पिंपावर ठेवला आणि गाणं लावलं. उषाबाई मेथी निवडत होत्या. गाणं संपेपर्यंत त्या निवडतच राहिल्या.

"जाड आहे गं आवाज," त्या म्हणाल्या. "माझ्यासारखा." मग म्हणाल्या, "परत लाव."

तिकडे भगवानरावांची झोप उडाली. आता चंपाबाई कुणाच्याही खिशात होत्या. उधन्याच्या मराठी मंडळात त्यांनी कार्यक्रम ठरवला: नवा संच कसा खोटा आणि मूळ तबकडी कशी खरी. व्यासपीठावर गायिकेची मुलगी असली तर शोभा येईल, म्हणून त्यांनी स्वतः फोन केला. "उषाताई, तुमच्यासाठी तबकडी लावतोय."

मयुरी म्हणाली, जायचं नाही. उषाबाईंनी इस्त्रीची साडी काढली, तेव्हा मग तीही सोबत गेली.

सभागृह अर्धं भरलं होतं. भगवानरावांनी पांढरे मोजे हातात चढवून तबकडी लावली. आधी खरखर आली, मग तिच्यामागून चंपाबाई आल्या. भगवानरावांचे डोळे मिटलेले होते. लोक पाहताहेत का, हे बघायला मधूनच उघडत होते. तबकडी संपल्यावर त्यांनी माईक उषाबाईंच्या हातात दिला. "दोन शब्द बोला, ताई. मूळ आवाज ऐकून काय वाटलं?"

"ही मनी माय शे," उषाबाई म्हणाल्या. "मी मागच्या वर्षी या साहेबांच्या घरी गेले होते. एकदा ऐकवा, असं मी म्हणाले. त्यांनी ऐकवलं नाही. मला गाणं कळत नाही, असं ते म्हणाले. माझ्या मुलीनं मोबाईलवर ऐकवलं. तिथे नीट ऐकू आलं." त्यांनी माईक टेबलावर आडवा ठेवला.

भगवानराव सुईबद्दल काहीतरी सांगू लागले, मग निषादाबद्दल. मागच्या रांगेतली माणसं उठून चहाकडे गेली. मंडळाच्या अध्यक्षबाईंनी सत्काराचा नारळ भगवानरावांना न देता उषाबाईंच्या ओटीत घातला.

भगवानराव एकटेच वाकून तबकडी पाकिटात घालत होते. मोज्यांमुळे ती नीट सरकत नव्हती. मयुरीला वाटलं होतं, या घटकेला आपल्याला राग येईल, किंवा निदान कीव येईल. दोन्ही आलं नाही. कीव करायलाही माणसात काहीतरी असावं लागतं.

"ताई, एक मिनिट," त्यांनी हाक मारली. "पुढच्या महिन्यात सुरतेत कार्यक्रम आहे. याल ना?"

उषाबाईंनी वळून पाहिलं नाही. बाहेर दोन बाया त्यांची वाट पाहत थांबल्या होत्या. आई कोणत्या गावची, कशी दिसायची, असं विचारत होत्या. उषाबाई त्यांना सांगत बसल्या.