तारीख नसलेला राजीनामा

व्यंकटराव माझ्या दारात उभा राहिला तवा मी त्याला पानीसुद्धा विचारलं न्हाई. का विचारू? याच बाबानं माझं वाटोळं केलं.

गंगाखेड रोडवरच्या डाळमिलीत आमी अकरा बाया डाळ निवडायचो. व्यंकटराव तिथला कारकून. कामाला लागायच्या पहिल्याच दिवशी तो प्रत्येकीपुढं एक कागद सरकवायचा. राजीनामा! खाली सही आपली, वर तारखेची जागा कोरी. "रीतच हाय बाई, पडून ऱ्हातोय कपाटात," म्हनायचा. कामाची गरज होती, केली सही. अक्कल गहान पडली होती, दुसरं काय?

मागच्या महिन्यात मालकानं नवी मशीन आनली आन आमाला हाकललं. त्याच दिवशी, आमच्या पाठोपाठ, व्यंकटरावलाही. मी रडले न्हाई. आठ वर्षं पगारातून विम्याचे पैसे कापून जायचे. नोकरी गेली की त्यातून भत्ता मिळतो, हे माझ्या पोरीनं, बबितानं, मोबाइलवर वाचलं होतं. ती नर्सिंगला हाय. तिनंच हिशेब मांडला: पगार बारा हजार, म्हंजे रोजचे चारशे, त्याचे निम्मे दोनशे, असे नव्वद दिवस. अठरा हजार! तिच्या दुसऱ्या वर्षाची फी पंधरा हजार. "आई, भागतंय गं," म्हनली आन गळ्यात पडली.

भत्त्यासाठी केलेला अर्ज विम्याच्या हापिसातून परत आला. तुमी स्वखुशीनं राजीनामा दिलाय, भत्ता मिळनार न्हाई. मालकानं कपाटातले कागद काढून वर तारीख टाकली होती.

मी तशीच व्यंकटरावच्या घरी गेले. म्हनलं, "राजीनामे पहिल्याच दिवशी घेतले, एवढं लिहून द्या." तर हा निवांत चहा पीत बसलाय! "माझा भत्ता सत्तावीस हजार बसतोय," म्हनला. "मी कुठं राजीनामा दिलाय? उगं मालकाशी वैर घेऊन माझा अर्ज कशाला अडकवू?" घरात या म्हनायचंसुद्धा सुचलं न्हाई मेल्याला.

आन आज सोळा दिवसांनी माझ्याच दारात. तोंड असं उतरलेलं.

"रेणुका, मालकानं माझ्या नावाचा राजीनामा लावलाय गं. सही माझी न्हाईच! मला त्यानं गेटवरनं हाकललं, तू होतीस तिथं. तेवढं लिहून दे."

"सोतावर बेतलं तवा पाय फुटले व्हय? आधी आमचं लिहा. तिथंच बसा पायरीवर."

बसला. लिहिलं. बबितानं मोठ्यानं वाचलं: "मिलमध्ये कामगारांकडून कोरे राजीनामे घेतले जात."

"कोन घ्यायचं?" मी विचारलं.

"मिल..."

"मिलीला हात हायेत व्हय? तुमचं नाव टाका."

गड्यानं पेन दोनदा टेकवलं, दोनदा उचललं. पन टाकलं नाव. 'कामाच्या पहिल्या दिवशी मी स्वतः या अकरा जणींकडून तारीख नसलेले राजीनामे घेतले.' खाली सही आन तारीख. बबितानं लगेच फोटो काढून माझ्या अर्जाला जोडला आन अर्ज पुन्यांदा धाडला. शुक्रवारी फीची शेवटची तारीख. तवर पैसे येतात का न्हाई, कोन जाने.

"आता माझं?" तो म्हनला.

खरं होतं त्याचं, न्हाई कसं म्हनू? आठवीपोत्तर शिकलेय मी. माझ्याच हातानं लिहिलं: 'व्यंकटरावला मालकानं आमच्यादेखत गेटवरून हाकललं. त्यांनी राजीनामा दिला न्हाई. ते बाहेर आले तवा आमी अकराही जणी हासलो.' आन सही ठोकली.

त्यानं वाचलं. कानापोत्तर लाल झाला.

"हे हासल्याचं कशाला लिहिलंस? खोड की."

"घडलं तेच लिहिलंय. पायजे तर न्या, न्हाई तर ठिवा तिथं."

त्यानं कागदाची घडी घातली, शर्टाच्या खिशात ठिवली आन खाली मान घालून निघून गेला.