अण्णारावाची शेवटची ओळ

अंबरीशने अण्णारावाचं नाक दोन बोटांत धरून हलवून पाहिलं.

“नाक सोड आधी,” अण्णाराव गुरगुरला. “मंडईत वांगी घ्यायला आलास व्हय?”

अंबरीशने चटकन हात मागे घेतला आणि रेणुकादास मास्तरांच्या तोंडाकडे पाहिलं. मास्तरांचे ओठ मिटलेले होते. त्यांच्या डाव्या मांडीवर अण्णाराव ऐटीत बसला होता: कागदाच्या लगद्याचं डोकं, अंबाडीच्या मिशा, विटलेला काळा कोट. नाक खरोखरच वांग्याएवढं होतं आणि राग सदा त्या नाकावर.

“हसत नाही का हा कधी?”

“नाही,” मास्तर म्हणाले.

“पगार कळल्यावर बघू,” अण्णाराव म्हणाला.

लातुरातल्या एका बड्या शिकवणी वर्गाने केबलवर लहान मुलांसाठी अभ्यासाचा कार्यक्रम काढायचं ठरवलं होतं, आणि हा सगळा गाडा पोरगेल्या अंबरीशच्या गळ्यात पडला होता. गणिताला वैतागलेला एक बोलका बाहुला त्याला हवा होता. तेव्हा नोकरीचा उमेदवार अण्णाराव. मास्तर त्याच्यासोबत आलेले. अर्ज मात्र दोघांनाही न विचारता मास्तरांच्या बायकोने, चंद्रप्रभाबाईंनी केला होता. त्या आता भिंतीशी खुर्चीवर पर्स घट्ट धरून बसल्या होत्या.

त्यांनी तरी काय करावं? त्र्याण्णवच्या भूकंपानंतर मास्तरांनी तेरणाकाठचं गाव सोडलं, अहमदपूरला बदली घेतली आणि पंचायत समितीत कागद सांभाळत बावीस वर्षं काढली. वर्गावर जायचं नाव नाही. पोरांसमोर उभं राहायचं नाही, असा त्यांनी कानाला खडाच लावला होता. मे महिन्यात निवृत्त झाले, तर घरात दिवसभर घड्याळाखेरीज कुणी बोलेना. एके दिवशी बाईंनी ट्रंक उघडून अण्णारावाला उन्हात ठेवलं. कोट तीनदा झटकला, तरी शिवणीतली गावची पांढरी माती काही जाईना.

“मी येतो,” मास्तर शेवटी म्हणाले होते. “पण तो ती ओळ म्हणणार नाही.”

बाईंनी मान डोलावली होती. कुठली ओळ, हे त्यांना विचारावं लागलं नाही.

आता वसतिगृहाच्या नीलाबाई अठरा पोरं घेऊन आल्या. नवोदयच्या परीक्षेच्या तयारीसाठी गावोगावाहून आणून ठेवलेली ही चौथी-पाचवीची लेकरं. सारख्या निळ्या शर्टांत, हाताची घडी घालून ती सतरंजीवर बसली. एवढी शहाणी पोरं पाहून मास्तरांना कसंतरीच झालं.

“अपूर्णांक घ्या,” अंबरीश म्हणाला आणि कॅमेऱ्यामागे गेला.

मास्तरांनी कागदाची भाकरी काढली. “अण्णाराव, या भाकरीचे आठ भाग केले. त्यातले तीन तुला दिले. तर तुला किती मिळाली?”

“तीनच? आन् पाच कुणाला?”

“ते आपण नंतर बघू.”

“नंतर कशाला? आधी पाचाचं सांग. लई हुशार हाय हा मास्तर. शिकवता शिकवता माझी भाकर पळवून राहिला.”

पुढच्या रांगेतल्या एका पोराने फुर्रकन हसू सांडलं. मग दुसऱ्याने. हाताच्या घड्या सुटल्या. पाच अष्टमांश मास्तरांनी खाल्ले, असा सगळ्यांनी एकमुखाने निकाल दिला. इतका गलका झाला की नीलाबाईंनी डोळे वटारले आणि मग त्याही हसल्या.

मास्तरांना घाम फुटला होता. आवाज जसाच्या तसा आला होता. त्यांचा स्वतःचा आवाज म्हातारा झाला होता, पायऱ्या चढताना धापा टाकायचा. अण्णारावाचा मात्र बावीस वर्षांत एका दिवसानेही वाढला नव्हता. आणि पोरांचं हसू ओसरलं की सतरंजीच्या मागून, मोकळ्या फरशीवरून, आणखी थोडं हसू यायचं. जरा उशिराने, जाड कापडाआडून आल्यासारखं. अण्णारावाची मान तिकडे वळायची. मास्तर बोटांनी ती पुढे आणायचे, ती पुन्हा वळायची.

“मास्तर, नजर पुढे राहू द्या,” अंबरीश म्हणाला. “मागे कुणी नाही.”

“हाव,” अण्णाराव म्हणाला.

अंबरीश खूश होता. हातात एक पिवळा पडलेला कागद घेऊन तो पुढे आला. बाईंनी अर्जाला जोडलेलं ते जुनं कात्रण होतं, ब्याण्णवच्या जिल्हा शैक्षणिक मेळाव्याचं.

“हे भारी आहे. खेळ संपला की अण्णाराव ओरडायचा, ‘उठा पोरांनो, आपापल्या घरी जा!’ आणि पोरं हसत पळायची. आपला कार्यक्रम याच ओळीवर संपवायचा. घ्या.”

“ती ओळ सोडून तो दुसरं काहीही म्हणेल,” मास्तर म्हणाले.

“पण तीच तर त्याची ओळख आहे! त्याशिवाय मी वरती काय दाखवू?”

मास्तरांनी बाईंकडे पाहिलं. कात्रणात ती ओळ छापलेली आहे, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला होता.

ती ओळ शेवटची म्हटली गेली अनंत चतुर्दशीला. गणपती बोळवून झाला होता, शाळेपुढचा मंडप रिकामा होता आणि तिथे अण्णारावाचा खेळ झाला. खेळ संपला तरी अकरा पोरं उठेनात. आज मंडपातच निजतो, मास्तरासंगं निजतो, असा हट्ट धरून बसली. शेवटी अण्णाराव खेकसला: उठा पोरांनो, आपापल्या घरी जा, आया वाट बघून राहिल्या. अण्णारावाचा शब्द कुणी मोडत नसे. पोरं हसत पळाली, दगडमातीच्या जाड भिंतींच्या घरांत जाऊन निजली. मास्तर मंडपात आडवे झाले. पहाटे धरणी हलली. सगळा गाव खाली बसला, आणि मंडपाचा एक बांबूसुद्धा पडला नाही.

अकरांतलं एकही पोर वाचलं नाही.

“मास्तर?” अंबरीश म्हणाला.

मास्तर अण्णारावातून हात काढू लागले. नोकरी गेली तर गेली. बाई खुर्चीवरून उठल्या. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतल्या एका पोरीने हात वर केला. तिने इतका वेळ हसून घेतलं होतं, आता तिचा चेहरा गंभीर होता.

“अण्णाराव, मी पुनम. नायगावची. आम्ही घरी कवा जायचं?”

नीलाबाई “पुनम” एवढंच म्हणाल्या. अण्णारावाचं डोकं मास्तरांच्या छातीवर कलंडलं होतं, जबडा लोंबत होता. मास्तरांनी हात होता तिथेच थांबवला.

पोर उत्तराची वाट पाहत होती.

हात पुन्हा कोटात गेला. अण्णाराव हळूहळू ताठ झाला.

“घर कशाचं हाय तुझं?”

“स्लॅबचं. आदी मातीचं होतं, बाबानं पाडलं.”

“चांगलं केलं. घरी कोण हाय?”

“आई हाय. आजी हाय.”

मास्तरांनी मोकळ्या हाताने अण्णारावाचा कोट सारखा केला.

“मग परीक्षा झाली की जायचं,” अण्णाराव म्हणाला. “खामखा थांबायचं न्हाई.” आणि मग त्याने मान वर करून, भरल्या आवाजात, पण खेकसूनच म्हटलं, “चला, उठा पोरांनो. आपापल्या घरी जा.”

पोरं आरडत उठली. घर कुठलं, वसतिगृहच. तरी ती घरी निघाल्यासारखी पळाली. दारात पुनमने वळून अण्णारावाला हात केला.

“हेच पाहिजे होतं,” अंबरीश म्हणाला. “मास्तर, सोमवारपासून या.”

मास्तरांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. सतरंजी रिकामी झाली होती आणि अण्णाराव सतरंजीच्या मागे, मोकळ्या फरशीकडे पाहत होता. तिथलं कुणी उठलं नव्हतं. उठा म्हटल्यावर ती उठायच्या बेतात असावीत, कारण त्याने घाईने हात पुढे केला.

“तुमी न्हाई,” अण्णाराव म्हणाला. एवढ्या मऊ आवाजात त्याला कुणी बोलताना ऐकलं नव्हतं. “तुमी बसा. आज मंडपातच निजा.”

अंबरीशला वाटलं, तालीम चालू आहे. त्याने घड्याळ पाहिलं आणि दिवे बंद करायला भिंतीवरच्या बटणाकडे हात नेला. चंद्रप्रभाबाई तिथेच उभ्या होत्या. त्यांनी त्याचा हात अलगद धरला आणि धरूनच ठेवला.